कातळावरच्या घरासाठी वीजरोधक: एका बसवणीचे परीक्षण

वीजरोधकाचे, म्हणजे घरावर पडणारी वीज सुखरूप जमिनीत उतरवणाऱ्या यंत्रणेचे, परीक्षण लिहिणाऱ्यापुढे एक अडचण असते. पंप किंवा इन्व्हर्टर काही दिवस वापरून त्याविषयी मत देता येते; वीजरोधकाची खरी परीक्षा ज्या क्षणी होते, तो क्षण घरावर येऊच नये अशी घेणाऱ्याची इच्छा असते. मोसम सुखरूप गेला हा यंत्रणेच्या गुणवत्तेचा पुरावा होत नाही, कारण ज्यांनी काहीच बसवले नाही अशा शेजाऱ्यांचाही मोसम तसाच सुखरूप गेलेला असतो. त्यामुळे मी येथे एकच कसोटी लावली आहे: जे विकायला आले आणि जे प्रत्यक्ष बसले, ते ‘आयएस/आयईसी ६२३०५’ या वीजसंरक्षणाच्या मानकाशी कितपत जुळते, आणि जेथे जुळत नाही तेथे घरातल्या माणसांना व वस्तूंना नेमका कोणता धोका उरतो.

घर रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर आहे. भिंती चिऱ्याच्या, छप्पर दुपाखी व मंगलोरी कौलांचे, पुढे ओटी, एका बाजूला पत्र्याची पडवी, आणि मागे न्हाणीघरावर थोडासा स्लॅब असून त्यावर पाण्याची टाकी व सौरपट्ट्या आहेत. घराची लांबी सुमारे १३ मीटर व रुंदी १० मीटर आहे. भोवताली आंब्याची कलमे आणि कुंपणालगत दोन माड आहेत. वीजपुरवठा खांबांवरच्या उघड्या तारांनी येतो. कोकणात विजांचा जोर ऐन आषाढ-श्रावणात नसतो. तो वळिवात आणि पुन्हा परतीच्या पावसात, म्हणजे ढोबळमानाने मे व ऑक्टोबर या महिन्यांत असतो, आणि हा तपशील अर्थिंगच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो. काम घाटावरच्या एका संस्थेने केले. तिचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटी पुढे सांगणार आहे त्या तिच्या एकटीच्या नाहीत. मागवलेली इतर दरपत्रकेही थोड्याफार फरकाने तशीच होती.

“दोन उंच माड असताना वीजरोधक कशाला?” हा प्रश्न गावात सर्वांनी विचारला. वीज उंच वस्तू पसंत करते हे खरे, पण माड हा वाहक म्हणून फारच वाईट असतो. खोडातून जमिनीकडे जाणाऱ्या प्रवाहाला जवळच घराच्या वायरिंगसारखी अधिक सोपी वाट दिसली, तर तो मधली हवा फोडून तिकडे उडी घेतो. घराला खेटून असलेले उंच झाड म्हणून संरक्षण न ठरता उलट धोका ठरू शकते. आमचे माड भिंतीपासून पुरेसे दूर आहेत, एवढेच त्यांच्याविषयी चांगले म्हणता येईल.

पहिले दरपत्रक आले ते ‘ईएसई’ (अर्ली स्ट्रीमर एमिशन) प्रकारच्या अरेस्टरचे, म्हणजे वीजरोधक दांड्याचे होते. चकचकीत स्टीलचा एकच दांडा, तो खांबावर उंच बसवायचा, तेथून खाली येणारी एकच पट्टी, आणि तिच्या पायथ्याशी दोन ‘केमिकल अर्थिंग’. माहितीपत्रकात या दांड्याची संरक्षण-त्रिज्या शंभर मीटरच्या पुढे दाखवली होती. हा दांडा साध्या दांड्यापेक्षा काही मायक्रोसेकंद आधी वरच्या दिशेने विद्युत-शलाका सोडतो आणि म्हणून विजेला लांबूनच पकडतो, असा त्यामागचा दावा असतो. फ्रान्समधील ‘एनएफ सी १७-१०२’ हे मानक त्याला मान्यता देते. मात्र ६२३०५ मालिकेचा दंडक स्पष्ट आहे: संरक्षित क्षेत्र ठरवताना धातूच्या वाहकाची केवळ प्रत्यक्ष मापे धरायची, त्याच्या टोकात काय बसवले आहे ते धरायचे नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या एका तुलनेत टोकदार दांडे आणि ईएसई दांडे यांच्यावर वीज पडलीच नाही. ती पडली बोथट टोकाच्या साध्या दांड्यांवर. एवढे वाचल्यानंतर दरपत्रकातील सर्वांत महाग ओळ तीच असावी, हे मला पटण्यासारखे नव्हते.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो. गावोगावी शाळेच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर असे दांडे दिसू लागले आहेत आणि ‘आता अख्खी वाडी सुरक्षित झाली’ अशी समजूत त्यांच्यासोबत पसरते आहे. दांडा खराब आहे असे नाही. ज्या इमारतीवर तो नीट बसवला आहे तिचे रक्षण तो करीलही. पण त्याच्या भरवशावर कोणी ढग गडगडत असताना शेतात थांबले, तर ती समजूत दांड्याच्या किमतीपेक्षा फार महाग पडेल. देशात दरवर्षी वीज पडून दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांतील बहुसंख्य शेतात, झाडाखाली किंवा गुरांमागे असलेली असतात. छपरावर काहीही बसवून ते टळत नाही. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोफत अ‍ॅप आणि वेळेवर घरात येणे, हेच दोन उपाय आहेत.

ईएसईला नकार दिल्यानंतर संस्थेच्या अभियंत्याने मानकाप्रमाणे नवा आराखडा दिला, आणि तो देताना कसलीही कुरकुर केली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. घरासाठी तिसरा संरक्षण-वर्ग धरला. या वर्गात ४५ मीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोळा घरावरून सर्व बाजूंनी लोळवून पाहायचा असतो. तो जेथे जेथे टेकेल तेथे तेथे वीज पडू शकते, म्हणून तेथे वाहक असला पाहिजे. गोळा एवढा प्रचंड असल्यामुळे आमच्यासारख्या बुटक्या घरावर तो आढ्याला, पाख्यांच्या टोकांना, वळचणीच्या कडेला आणि मागच्या टाकीला टेकतो. त्याप्रमाणे आढ्यावरून एक पट्टी, दोन्ही टोकांना उतरत्या पट्ट्या, वळचणीने एक पूर्ण वेढा, आढ्याच्या टोकांवर व टाकीशेजारी आखूड, बोथट टोकाचे दांडे अशी मांडणी झाली. या वर्गासाठी वाहकांच्या जाळीचा चौकोन १५ मीटरपर्यंत चालतो, त्यामुळे छपराच्या मध्यावर आणखी पट्ट्यांची गरज पडली नाही.

पट्टी तांब्याची, २५ गुणिले ३ मिलिमीटर, म्हणजे ७५ चौरस मिलिमीटर छेदाची आहे. मानकाला ५० पुरतात. समुद्राची खारी हवा येथे पोचते, त्यामुळे जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीचा स्वस्त पर्याय मी विचारात घेतला नाही. कारागिरांनी एक गोष्ट न सांगता केली, तिचे मला कौतुक वाटले. तांब्यावरून ओघळलेले पाणी पत्र्यावरचे जस्त खाते. पडवीच्या पत्र्यावर जेथे वरच्या पट्टीची पागोळी पडणार होती, तेवढ्या बाजूला त्यांनी कथिलाचा मुलामा असलेली पट्टी वापरली आणि तिची जादा किंमत लावली नाही. कौलांना भोके न पाडता, दोन कौलांच्या सांध्यातून अडकवायच्या पकडी त्यांनी सोबत आणल्या होत्या. पुढचा पावसाळा गळतीविना गेला. छपरावरच्या कामाला मी पूर्ण गुण देतो.

भिंतीवरून खाली येणाऱ्या पट्ट्यांविषयी मात्र बोलावे लागले. चिऱ्याच्या घराला सिमेंटचे खांब नसतात, त्यामुळे आतल्या सळयांमधून प्रवाह नेण्याचा मार्गही नसतो. सगळा प्रवाह बाहेरच्या पट्ट्यांनीच उतरणार. मानकाप्रमाणे कोणत्याही घराला किमान दोन उतरत्या पट्ट्या हव्यात आणि तिसऱ्या वर्गात त्यांच्यामधले अंतर सुमारे १५ मीटर असावे. घराचा घेर ४६ मीटर आहे, तेव्हा चार कोपऱ्यांना चार हा सरळ हिशेब झाला. पट्ट्या जितक्या अधिक, तितका प्रवाह वाटला जातो आणि भिंतीपलीकडच्या वायरिंगकडे ठिणगी उडण्याची शक्यता घटते. त्यांतील एक पट्टी ओटीच्या पायऱ्यांना लागून उतरवायची खूण झाली होती, कारण तेथे भिंत सरळ सापडत होती. वळिवाच्या संध्याकाळी घरातली सगळी माणसे नेमकी ओटीवरच बसलेली असतात. ती पट्टी बाजूच्या कोपऱ्याला नेण्यास थोडा वाद झाला, पण ती नेली. चारही पायथ्यांशी माणसाच्या उंचीपर्यंत पीव्हीसी नळी चढवली आहे. ती केवळ पट्टीला धक्का लागू नये म्हणून उपयोगी आहे, विजेच्या धक्क्यापासून ती वाचवत नाही, हे कारागिरांपैकी कोणी सांगितले नाही. त्यावरचा मानकातला उपाय साधा आहे: पट्टीपासून तीन मीटरपर्यंत १५ सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर द्यायचा. खडी आम्ही स्वतः टाकून घेतली.

आता जमिनीखालच्या कामाकडे येतो. कोकणातल्या घरांना या यंत्रणेत सर्वाधिक फसवणूक किंवा सर्वाधिक निष्काळजीपणा येथेच भोगावा लागतो, असे माझे मत झाले आहे. दरपत्रकातल्या दोन ‘केमिकल अर्थिंग’ म्हणजे खड्ड्यात उभी केलेली नळी आणि तिच्याभोवती ओलावा धरणारी पूड. घाटावरच्या काळ्या जमिनीत ही पद्धत बरी चालते, कारण तेथे मुळात मातीच विजेची चांगली वाहक असते. सड्यावर बोटभर मातीखाली जांभा लागतो आणि पावसाळा सरला की तो ठणठणीत कोरडा होतो. त्यात दोन खड्डे करून पूड भरली, तर आतली पूड ओली राहील, पण तिच्याबाहेरचा कातळ प्रवाह घेणार नाही. जुन्या वायरमन मंडळींच्या कोळसा-मिठाच्या अर्थिंगची तर येथे आणखी निराळी गत होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मीठ काही वर्षांत वाहून जाते, आणि जाता जाता पट्टी खाऊन जाते.

खडकाळ जमिनीसाठी ६२३०५ मानक स्वच्छपणे दुसऱ्या पद्धतीची शिफारस करते: घराभोवती, भिंतीपासून सुमारे एक मीटर अंतरावर, किमान अर्धा मीटर खोल चर खणून त्यात पट्टीचा अखंड वेढा घालायचा. तिसऱ्या वर्गासाठी या वेढ्याची सरासरी त्रिज्या पाच मीटर असली तरी चालते; आमच्या घराभोवती ती साडेसातच्या आसपास आपोआप मिळाली. संस्थेच्या अभियंत्याला हे कलम माहीत होते. ‘कातळ फोडण्याचा खर्च ग्राहक मान्य करत नाही, म्हणून आम्ही ते सुचवतच नाही,’ हे त्याचे उत्तर प्रामाणिक होते, पण समाधानकारक नव्हते. ग्राहकाने काय मान्य करायचे ते ग्राहकाला सांगितल्यावर ठरते. चर खणण्याचा प्रश्न अखेरीस गावातच सुटला. घाटावरून आणलेल्या ब्रेकरने अंगणभर ढलपे उडाले आणि चर काही सरळ होईना; शेवटी चिरेखाणीवर काम करणाऱ्या एकाला बोलावले आणि त्याने चिरे कापायच्या यंत्राने काठ धरून नेमका चर पाडून दिला. निघालेले चिऱ्याचे तुकडे पुन्हा चरात लोटायचे नाहीत, तर पट्टीभोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमातीची पूड) आणि चाळलेली बारीक माती दाबून भरायची, एवढ्यावर लक्ष ठेवावे लागले.

चार कोपऱ्यांना वेढ्याशी जोडलेले चार उभे दांडेही आहेत. जांभ्याला भोक पाडून ते खालच्या शेडीपर्यंत, म्हणजे जांभ्याखालच्या मऊ मातीपर्यंत नेले, कारण शेडीत उन्हाळ्यातही थोडी ओल टिकते. हे दांडे पोलादी असून त्यांवर तांब्याचा थर असतो. थराची जाडी २५० मायक्रॉन असली पाहिजे, आणि बाजारात त्याहून कितीतरी पातळ थराचे दांडे त्याच रंगात, त्याच नावाने मिळतात. आमच्याकडे आलेल्या दांड्यांवर जाडी छापलेली होती व सोबत चाचणीचे पत्र होते. पट्टी आणि दांडा यांचा सांधा बोल्टने आवळलेला नसून वितळवून केलेला आहे, आणि हे काम पाहण्यासारखे होते. ग्राफाइटच्या साच्यात दोन्ही टोके धरली, वर तांब्याच्या ऑक्साइडची व अ‍ॅल्युमिनियमची पूड ओतली, ठिणगी दिली, आणि डोळे दिपवणारा एकच भपका होऊन साचा उघडला तेव्हा आत लालभडक गाठ होती. वरची मळी हातोडीने झटकल्यावर पट्टी कोठे संपते आणि दांडा कोठे सुरू होतो ते ओळखू येईना. मातीखाली पुरायचा सांधा असाच असावा. बोल्टचा सांधा खाऱ्या ओलीत किती वर्षे टिकेल हे कोणी लिहून देत नाही.

प्रतिरोधाचे मापन हा या सेवेतील सर्वांत कच्चा दुवा निघाला. पहिला अहवाल श्रावणात घेतलेल्या मापनाचा होता, त्यात आठ ओहमच्या आतला एकच आकडा चारही कोपऱ्यांपुढे लिहिलेला होता, आणि त्या दिवशी जमीन कशी होती याची नोंद नव्हती. पावसाने भिजलेल्या कातळावर घेतलेला आकडा या प्रदेशात जवळजवळ निरर्थक आहे, कारण वीज पडण्याचा काळ वळिवाचा आहे आणि तेव्हा कातळ वर्षातला सर्वांत कोरडा असतो. मी आग्रह धरल्यावर पुढच्या मे अखेरीस मापन पुन्हा झाले. मापकयंत्राच्या सहायक खुंट्या कातळात शिरत नाहीत, म्हणून त्या ओल्या गोणपाटावर टेकवून काम भागवावे लागले. आकडा जवळपास दुप्पट भरला. मानकात दहा ओहमच्या आत राहण्याची शिफारस आहे, मात्र वेढ्याची पद्धत आणि लांबी पाळली असेल तर केवळ आकडा ओलांडला म्हणून काम बाद ठरत नाही. उलट, मे महिन्यातला पंधरा-सोळा ओहमचा खरा आकडा मला श्रावणातल्या आठापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

ओहमच्या आकड्याला विक्रेते जेवढे महत्त्व देतात तेवढे त्याला नाही, हे समजायला साधा गुणाकार पुरतो. सर्वसाधारण विजेचा शिखरप्रवाह ३० हजार अँपिअरच्या आसपास असतो. अर्थिंग अगदी दहा ओहमचे धरले, तरी त्या क्षणी घराच्या पायाशी जमिनीचा विद्युतदाब तीन लाख व्होल्टवर जातो. या तीन लाखांत घरातली प्रत्येक धातूची वस्तू एकत्र वर चढली तर त्यांच्यात फरक पडत नाही आणि ठिणगी उडत नाही. एखादी वस्तू मागे राहिली तर सगळा फरक तिच्यावर फुटतो. म्हणून सर्व अर्थिंग एकत्र बांधणे हे कमी ओहमपेक्षा अधिक निकडीचे काम आहे. सौरसंच बसवणारे बहुधा तीन निरनिराळे खड्डे घेतात: एक सौरपट्ट्यांच्या डीसी बाजूचा, एक एसी बाजूचा आणि एक अरेस्टरचा, आणि ‘अरेस्टरचा खड्डा कशालाही जोडायचा नाही, नाहीतर वीज घरात येईल’ असे बजावून जातात. आमच्याकडेही तेच घडले होते. वीजरोधकाच्या संस्थेने हे तिन्ही खड्डे, मीटरचे अर्थिंग, विंधनविहिरीच्या पंपाचे आवरण, डिशचा खांब आणि सौरपट्ट्यांची चौकट एका तांब्याच्या मुख्य पट्टीवर आणून वेढ्याशी जोडली. संपूर्ण कामात मला सर्वांत समाधान देणारा भाग हाच आहे, आणि विशेष म्हणजे त्यासाठी खर्च सर्वांत कमी आला.

मीटरबोर्डातील सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तारांवरून येणारी विजेची लाट (सर्ज) अर्थिंगकडे वळवणारा संच, ज्याला सगळे एसपीडी म्हणतात, तो पहिल्या दरपत्रकात नव्हताच. ही उणीव गंभीर आहे. छपरावर वीजरोधक बसवला की वीज पडल्यावर तिच्या प्रवाहाचा मोठा भाग, मानकाच्या गृहीतकानुसार जवळपास निम्मा, घरात येणाऱ्या तारांवाटे बाहेर पडू पाहतो. त्या वाटेवर एसपीडी नसेल तर फ्रीज, पंप आणि इन्व्हर्टर हेच ती वाट बनतात. ‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर येथे लागू होत नाही. एमसीबी उडायला काही मिलिसेकंद लागतात, आणि सर्जचा तडाखा मायक्रोसेकंदांत उरकलेला असतो.

बाजारात एसपीडी घेताना खोक्यावरच्या ‘४० किलोअँपिअर’ या ठळक आकड्याला भुलू नये. त्याच्या शेजारी ‘८/२०’ (लाट चढण्याचे व निम्मी ओसरण्याचे मायक्रोसेकंद) असे लिहिलेले असेल तर तो दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे तारेवरून लांबून आलेल्या लाटेसाठीचा आहे. छपरावर वीजरोधक असलेल्या घराला ‘१०/३५०’ या लाटेची चाचणी झालेला पहिला प्रकार लागतो; तेवढ्याच शिखरप्रवाहाला त्यातून वाहणारा विद्युतभार कित्येक पट असतो, म्हणून तेथे प्रत्येक ध्रुवाला १२.५ किलोअँपिअरचा आकडाही भक्कम समजावा. पहिला व दुसरा प्रकार एकत्र असलेले संच डेहन, ओबीओ बेटरमन, फिनिक्स कॉन्टॅक्ट, श्नायडर, एबीबी असे अनेक उत्पादक विकतात. त्यांत डावे-उजवे करण्याइतका अनुभव माझ्यापाशी नाही आणि एका घराच्या आधारे कोणी करूही नये. सततच्या कार्यदाबाचा आकडा मात्र आपल्याकडे २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा घेतलेला बरा. गावात खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात दोन फेजमधला दाब येतो; त्यात कोणताही साधा एसपीडी अखेर जळतोच, पण रोजच्या वरखाली होणाऱ्या दाबाला ३२० चा अधिक काळ तग धरतो. सौरपट्ट्यांच्या डीसी तारांसाठी वेगळा डीसी एसपीडी लागतो. एसीचा तेथे चालत नाही.

एसपीडीच्या जोडणीत एक बारकावा होता, आणि तो नेमका चुकला होता. वायरमनने हिरवी अर्थिंगची वायर लांब ठेवून तिची बोर्डाच्या आत सुबक गुंडाळी केली होती. “काका, उद्या बोर्ड हलवला तर वायर पुरायला नको का?” हे त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण सर्जच्या वेगाने वाढणाऱ्या प्रवाहाला साधी सरळ वायरदेखील दर मीटरला हजारेक व्होल्टचा अडथळा करते, आणि गुंडाळीत तो आणखी वाढतो. दीड हजार व्होल्टवर लाट रोखण्याचे वचन देणारा महागडा संच अशा वायरीमुळे अडीच-तीन हजार व्होल्ट पुढे सोडू लागतो. एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात हा नियम आहे; त्यासाठी बोर्डातली मांडणी बदलून एसपीडी अर्थिंगच्या पट्टीला खेटून बसवावा लागला. कोणत्याही घरमालकाने हे झाकण उघडून स्वतः पाहावे. पाहायला अभियांत्रिकीचे ज्ञान लागत नाही, फक्त मेन स्विच आधी बंद करावा लागतो.

वीज पडल्याची संख्या मोजणारे काउंटर संस्थेने आग्रहाने सुचवले होते. ते घेतले नाही. कारखान्याला त्याचा उपयोग असेल, घराला नाही.

खर्चाचा आकडा जमीन, अंतर आणि तांब्याचा भाव यांवर इतका बदलतो की तो देण्यापेक्षा प्रमाण देणे उपयुक्त वाटते: निम्म्याहून अधिक पैसे जमिनीखाली गेले, उरलेल्यातला मोठा वाटा छपराच्या व भिंतींच्या तांब्याला लागला, आणि एसपीडी, मुख्य पट्टी व जोडण्या मिळून लहान हिस्सा झाला. ज्यांच्याकडे पूर्ण यंत्रणेइतके पैसे नाहीत त्यांनी दांड्यापासून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. थेट घरावर वीज पडणे ही विरळा घटना आहे. उघड्या तारांवर दूर कोठेतरी पडलेल्या विजेची लाट घरात येणे ही नेहमीची. म्हणून आधी नीट अर्थिंग, सर्व धातूंची एकत्र जोडणी आणि मीटरपाशी दुसऱ्या प्रकारचा एसपीडी, एवढे करावे. छपराचे काम पुढे कधी करता येते, आणि ते करताना एसपीडी पहिल्या प्रकाराचा घ्यावा लागेल हे लक्षात ठेवावे. ढग गडगडू लागताच टीव्हीचा व राउटरचा प्लग काढण्याची सवय मात्र यांतल्या कशानेही सुटत नाही. फायबरच्या काचेतून सर्ज येत नसला तरी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमधून तो येतोच.

संस्थेच्या कामाविषयी एकंदर मत असे आहे. हात कुशल आहेत, माल सांगितला तोच आला, विचारलेल्या प्रश्नाला अभियंत्याने टाळाटाळ न करता उत्तर दिले. विक्री विभाग मात्र मानक माहीत असूनही ग्राहकापुढे ठेवत नाही, आणि अहवाल छापील नमुन्यात आकडे भरल्यासारखे असतात. पाचापैकी साडेतीन गुण देईन. नकाशा, चाचणी-सांध्यांची (मापनासाठी सोडवता येणाऱ्या सांध्यांची) छायाचित्रे आणि पुरलेल्या वेढ्याची मापे काम संपल्याबरोबर मिळाली असती तर चार दिले असते. ती मागून घ्यावी लागली. चर बुजल्यावर त्यांची सर कशालाच येत नाही, तेव्हा ती हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

देखभालीचा जो वार्षिक करार त्यांनी पुढे केला, त्यात वर्षातून एकदा ‘तपासणी’ एवढाच शब्द होता. या वर्गाच्या घराला मानकानुसार दोन वर्षांतून एकदा डोळ्यांनी पाहणी आणि चार वर्षांतून एकदा पूर्ण तपासणी पुरते. खाऱ्या हवेमुळे पाहणी दरवर्षी व्हावी हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. करारावर सही करण्यापूर्वी दोन अटी लिहून घेतल्या: मापन मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहिला वळीव पडण्याआधी व्हावे आणि चारही चाचणी-सांधे सोडवून प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र लिहावा, आणि एसपीडीची खिडकी हिरवीची लाल झाल्याचे कळवल्यास आतला भाग आठवड्याभरात बदलून मिळावा. दुसरी अट त्यांनी लगेच मान्य केली. पहिलीसाठी मेमधल्या गर्दीचे कारण सांगून जादा आकार मागितला, तो मी दिला आहे.